अठराव्या वर्षाआधीची तयारी

तीव्र दिव्यांग मुलाला अठरावे वर्ष पूर्ण झाले की दोन गोष्टी एकदम घडतात. १८७५ च्या भारतीय वयस्कता अधिनियमानुसार ते मूल सज्ञान होते, म्हणजे आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. शिवाय शाळा, बालरोगतज्ज्ञ, बालकल्याण खाते अशा ज्या व्यवस्थांनी तोवर त्याला सांभाळलेले असते, त्या एकेक करून हात काढून घेतात. जिला बोलता येत नाही, सही करता येत नाही, जेवण-आंघोळीलाही दुसऱ्याचा हात लागतो, ती व्यक्ती कायद्याच्या लेखी स्वतःची मुखत्यार ठरते. बहुतेक घरांना हे कळते ते बँकेच्या खिडकीपाशी किंवा शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर. तोवर तयारीची मोलाची वर्षे निघून गेलेली असतात.

उज्जैनच्या उत्तर अंगाला शिप्रेच्या काठी वसलेले भैरवगढ हे या प्रश्नाकडे पाहायला योग्य ठिकाण आहे. काळभैरवाचे देऊळ, मध्यवर्ती कारागृह आणि बाटिकची छपाई यांमुळे ते बाहेरच्यांना माहीत असते. छपाई करणाऱ्या छिपा कुटुंबांत घर आणि कारखाना सहसा एकमेकांना लागून असतात. जिल्हाधिकारी कचेरी आणि जिल्हा रुग्णालय उज्जैन शहरात, म्हणजे जवळच. मेंदूविकाराचे मोठे तज्ज्ञ मात्र सुमारे ५५ किलोमीटरवर इंदुरात. सोयी अगदीच नाहीत असे नाही, पण प्रत्येक सोयीपायी घरातल्या कुणाला तरी दिवसाचा रोज सोडावा लागतो. कारागिराच्या एकत्र घरात सांभाळायला चार हात असतात, पण पेन्शन नसते. शिंदेशाहीपासून उज्जैनात स्थिरावलेल्या मराठी समाजातल्या नोकरदार घरांत पेन्शन असते, पण हात दोनच उरतात. तयारी दोन्ही घरांना करावी लागते, मात्र तिचा क्रम निराळा असतो.

तीव्र दिव्यांगत्व म्हणजे काय, याची व्याख्या केवळ टक्क्यांत मांडून भागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाला लक्षणीय दिव्यांगत्व मानले आहे आणि त्याहून वेगळी ‘अधिक आधाराची गरज’ अशी एक वर्गवारी केली आहे. रोजचे व्यवहार, निर्णय, शिक्षण, नोकरी, उपचार यांसाठी ज्यांना शारीरिक, मानसिक वा अन्य प्रकारचा सघन आधार लागतो, ते या वर्गात येतात. तीव्र बौद्धिक अक्षमता, हातापायांची हालचाल जवळजवळ बंद करणारी सेरेब्रल पाल्सी, न बोलणारी स्वमग्नता, अंधत्व आणि बहिरेपण एकत्र असणे, अशा अनेक स्थिती यात मोडतात. २०११ च्या जनगणनेत देशभरात बौद्धिक अक्षमता असलेले सुमारे १५ लाख आणि बहुविकलांग सुमारे २१ लाख लोक नोंदले गेले. त्यांतले बहुसंख्य लोक घरीच, आईच्या देखरेखीखाली राहतात.

अठराव्या वर्षी नेमके काय थांबते? २०१६ च्या कायद्याचे कलम ३१ सहा ते अठरा वर्षे वयाच्या लक्षणीय दिव्यांग मुलांना जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देते. शाळेत जाणे शक्य नसलेल्या बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांग मुलांसाठी शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये घरी शिकवण्याची तरतूद झाली. हे सारे अठराव्या वाढदिवसापर्यंत. त्यानंतर मोफत शिक्षणाचा हा हक्क सरतो आणि त्याच्यासोबत शाळेतली फिजिओथेरपी, दुपारचे जेवण, इतर मुलांची सोबत आणि आईला मिळणारे रोजचे चार-पाच तासही जातात. अनाथालयात वाढलेल्या मुलांपुढे तर छताचाच प्रश्न उभा राहतो. २०१५ च्या बालन्याय कायद्याखालचे बालगृह अठरापर्यंत असते आणि नंतरची मदत साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत.

इतर काही देशांनी या टप्प्याला कायद्यात जागा करून दिली आहे. अमेरिकेत विशेष शिक्षणाच्या कायद्यानुसार विद्यार्थी सोळा वर्षांचा होईपर्यंत शाळेला त्याच्या प्रौढ आयुष्याची लेखी योजना तयार करावी लागते, आणि तिथले शिक्षण एकविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते. इंग्लंडमध्ये २०१४ च्या मुले व कुटुंबे कायद्याने शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांची एकच योजना गरजेनुसार पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू ठेवली, आणि तिची तयारी तेरा-चौदाव्या वर्षी सुरू होते. भारतात अशी लेखी योजना बनवण्याचे बंधन शाळेवर नाही, रुग्णालयावर नाही आणि समाजकल्याण खात्यावरही नाही. ज्या कुटुंबावर आधीच सगळा भार आहे, त्याच कुटुंबाने ती योजना आखायची, ही आपल्याकडच्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव आहे. ती भरून निघेपर्यंत जी विशेष शाळा किंवा जो समाजसेवक चौदा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना समोर बसवून पुढच्या चार वर्षांचे वेळापत्रक लिहून देतो, त्याचे काम अनमोल आहे.

वेळापत्रकाची सुरुवात कागदपत्रांपासून होते. पंधराव्या वर्षी आधारमधले बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करावी लागते. ज्यांची बोटे उघडत नाहीत किंवा नजर स्थिर राहत नाही, त्यांच्यासाठी नोंदणीत अपवादाची सोय आहे, पण ती आधार केंद्रावर मागून घ्यावी लागते. मध्य प्रदेशात याला जोड असते ती समग्र आयडीची. राज्याची जवळजवळ प्रत्येक योजना या क्रमांकावर चालते. आधार, समग्र आणि दिव्यांग प्रमाणपत्र या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख तंतोतंत एक असणे फार महत्त्वाचे आहे, कारण एका काना-मात्रेच्या फरकाने पेन्शन अडकते. दिव्यांग प्रमाणपत्राची गोष्ट आणखी वेगळी. लहानपणी मिळालेले बौद्धिक अक्षमतेचे किंवा स्वमग्नतेचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी बौद्धिक अक्षमतेसाठी पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नूतनीकरण सांगितले होते आणि अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले होते. म्हणून ही शेवटची तपासणी घाईत उरकू नये. जुने अहवाल, बुद्ध्यंक आणि सामाजिक वर्तनाच्या चाचण्या, झटक्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, शाळेचा प्रगतिअहवाल हे सारे वैद्यकीय मंडळापुढे ठेवावे. प्रमाणपत्रावरून तयार होणारे यूडीआयडी कार्ड पुढे देशभर ओळख म्हणून चालते.

पालकत्वाचा भाग सर्वांत नाजूक आहे आणि त्याबद्दलचे गैरसमजही सर्वांत जास्त आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार स्थितींसाठी संसदेने १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास अधिनियम केला. त्याच्या कलम १३ खाली प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघे असतात. समितीने निदान तीन महिन्यांतून एकदा बसावे, असे कायदा सांगतो. भैरवगढच्या कुटुंबाचा अर्ज उज्जैनच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातो. आता तो ऑनलाइनही भरता येतो. अर्ज आईवडील किंवा नातेवाईक करू शकतात; नोंदणीकृत संस्थाही करू शकते. त्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही, ही या कायद्याची मोठी देणगी आहे.

अर्जावर विचार करताना समितीने दोन प्रश्नांची उत्तरे शोधायची असतात. या व्यक्तीला पालकाची गरज आहे का? आणि असेल तर कोणत्या कामांसाठी? दुसऱ्या प्रश्नाकडे व्यवहारात फार कमी लक्ष जाते. पालकत्वाचा दाखला म्हणजे माणसाची मालकी नव्हे. बँकेचे खाते, उपचारांची संमती, मालमत्तेची देखभाल अशा ठरावीक कारणांसाठी तो असतो. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत पालकाने त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि पुढे प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करायचा असतो. पालक छळ करत असेल, हेळसांड करत असेल किंवा पैसा गिळत असेल, तर त्याला दूर करण्याचा अर्ज कलम १७ खाली करता येतो. हिशेबाची ही अट आईवडिलांना अपमानास्पद वाटते. स्वतःच्या लेकराच्या पैशाचा हिशेब सरकारला कशाला, असे ते विचारतात. पण आईवडिलांच्या पश्चात त्यांच्या जागी जो कुणी येईल, त्याच्यावर लक्ष ठेवायला हाच हिशेब उपयोगी पडतो, आणि म्हणून तो पहिल्या वर्षापासून नीट ठेवलेला बरा.

२०१६ च्या कायद्याचा कल आणखी पुढचा आहे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता असते, हे त्या कराराचे सूत्र आहे. त्याला अनुसरून कलम १४ मर्यादित पालकत्वाची तरतूद करते. यात एखाद्या विशिष्ट निर्णयापुरता, विशिष्ट मुदतीसाठी पालक नेमला जातो आणि तो त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून, तिची इच्छा विचारात घेऊन निर्णय घेतो. पूर्ण आधाराखेरीज पर्याय नसेल तेव्हाच पूर्ण आधार द्यायचा. न बोलणाऱ्या व्यक्तीची इच्छा कशी कळणार, हा प्रश्न खरा आहे. पण ज्या आईला ताट सरकवण्यावरून, नजरेवरून, ओरडण्याच्या पट्टीवरून मुलाचे मन कळते, तिच्याकडे त्याचे उत्तर असते. ते कागदावर उतरवून ठेवणे, एवढेच काम उरते.

दाखल्याचा पहिला उपयोग बँकेत होतो. समितीने दिलेला पालकत्वाचा दाखला खाते उघडण्यासाठी व चालवण्यासाठी ग्राह्य धरावा, असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना कळवले आहे. तरीही शाखेतला कर्मचारी अडून बसतो, तेव्हा त्या परिपत्रकाची प्रत जवळ असलेली बरी. मतदानाचा हक्क पालकत्वाने जात नाही. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवले नसेल तर अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाचे नाव यादीत येऊ शकते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरी मत देण्याची सोयही मिळाली. मुलाचे नाव मतदारयादीत घालणाऱ्या आईवडिलांना शेजारी हसतात, हे खरे आहे. त्या हसण्याकडे साफ दुर्लक्ष करावे.

आरोग्याच्या बाजूला बदल कागदावर दिसत नाही, पण त्याचे परिणाम लवकर जाणवतात. बालरोगतज्ज्ञाने जन्मापासूनचा इतिहास तोंडपाठ ठेवलेला असतो. प्रौढांच्या विभागात मात्र मेंदूविकार, अस्थिरोग, दंतवैद्य, मानसोपचार असे चार दरवाजे असतात आणि एकालाही सगळी गोष्ट माहीत नसते. म्हणून सोळाव्या-सतराव्या वर्षीच बालरोगतज्ज्ञाकडून दोन-तीन पानांचा सारांश लिहून घ्यावा: निदान, आजवरची औषधे, कोणत्या औषधाची बाधा झाली, झटका कसा येतो आणि किती वेळ टिकतो, गिळण्यात अडचण आहे का, भूल देताना काय झाले होते. किशोरवयात वजन वाढते, त्यामुळे फिटच्या औषधाची मात्रा पुन्हा ठरवावी लागते. सेरेब्रल पाल्सीत याच वर्षांत पाठीचा कणा वाकतो आणि खुब्याचा सांधा सरकतो. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडची तपासणी आयुष्यभर लागते. दातांची कीड, जुनाट बद्धकोष्ठता आणि पाठीवरच्या शय्याव्रणांकडे डॉक्टरांचे लक्ष सर्वांत कमी जाते, पण न बोलणारा तरुण अचानक चिडका झाला, स्वतःला मारू लागला, तर पुष्कळदा कारण यांतलेच एखादे असते. त्याला ‘हिंसक’ ठरवून झोपेची औषधे वाढवण्यापूर्वी कुठे दुखते आहे का, हे शोधणे हा त्याचा हक्क आहे.

आईचे शरीर हाही आरोग्याच्याच प्रश्नाचा भाग आहे. पंधरा किलोच्या मुलाला उचलणारी बाई पन्नास किलोच्या तरुणाला उचलू शकत नाही, आणि कंबर गेली की सगळे घर बसते. उचलण्याची योग्य पद्धत फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावी. सरकवायची फळी, कमरेचा पट्टा, योग्य मापाची चाकाची खुर्ची या गोष्टी लागतात. १९७२ मध्ये कानपूरला स्थापन झालेल्या अलिम्को या सरकारी कंपनीचे एक उत्पादन केंद्र उज्जैनमध्येच आहे आणि केंद्राच्या एडिप योजनेतून गरजू कुटुंबांना साधने मिळतात. लहानपणी मिळालेली खुर्ची विसाव्या वर्षी कामाची नसते, म्हणून नव्या मापाचा अर्ज वेळेत करावा. राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्यविमा योजना वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च उचलते. तिला वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि बाह्यरुग्ण उपचार व थेरपीही तिच्यात येतात. दर वर्षी नूतनीकरण मात्र चुकवू नये.

मुलींच्या बाबतीत घरे एका गोष्टीला फार घाबरतात: पाळी, आणि अत्याचाराची शक्यता. या भीतीतून काय घडू शकते, ते महाराष्ट्राने फेब्रुवारी १९९४ मध्ये पाहिले. शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. स्वच्छतेचे कारण पुढे केले गेले, स्त्रीसंघटनांनी आवाज उठवला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही. फक्त त्याचा पुरावा दिसेनासा होतो. २०१६ च्या कायद्याच्या कलम १० नुसार दिव्यांग व्यक्तीच्या स्वतंत्र आणि समजून दिलेल्या संमतीवाचून वंध्यत्व आणणारी कोणतीही शस्त्रक्रिया करता येत नाही. २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीची गर्भधारणा तिच्या इच्छेविरुद्ध संपवण्यास नकार दिला होता. पाळीची स्वच्छता चित्रांच्या साहाय्याने, तोच क्रम दर महिन्याला पाळून पुष्कळ मुलींना शिकवता येते. जिला येत नाही तिला ती मदत एका ठरलेल्या स्त्रीनेच करावी.

अत्याचाराविरुद्धच्या कायद्यातही अठरावे वर्ष आडवे येते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सेरेब्रल पाल्सी असलेल्या ३८ वर्षांच्या एका स्त्रीचे प्रकरण आले. तिचे मानसिक वय लहान मुलाचे असल्याने बालकांसाठीचा पॉक्सो कायदा लागू करावा, अशी मागणी होती. वय म्हणजे जन्मतारखेचे वय, असे सांगून न्यायालयाने ती नाकारली. म्हणजे अठरानंतर पॉक्सोचे खास संरक्षण मिळत नाही, सर्वसाधारण फौजदारी कायदाच लागू होतो. म्हणून स्नान, कपडे बदलणे, शौच यांत कोण हात लावू शकते याचे नियम घरात लहानपणापासून असावेत. मुलग्यांनाही हीच शिस्त हवी. तारुण्यात आलेल्या मुलाला लैंगिक भावना असतात, त्यासाठी एकांताची जागा कोणती आणि चारचौघांत काय चालत नाही, हे शांतपणे शिकवावे लागते. मारून ते शिकवता येत नाही.

पैशांची तजवीज करताना आधी सरकारी मदत नीट घ्यावी. मध्य प्रदेशात सहा वर्षांवरील बहुविकलांग आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांना महिना ६०० रुपयांचे अर्थसाहाय्य मिळत आले आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन अठरापासून सुरू होते. तिच्यासाठी दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब आणि ८० टक्के दिव्यांगत्व लागते, आणि तिच्यातला केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे. या रकमेत एका माणसाचे डायपरही येत नाहीत. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांसाठीचे साहाय्य इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावे असे म्हटले आहे, पण मूळ रक्कमच इतकी तोकडी असेल तर त्या वाढीने फारसे साधत नाही.

नोकरदार घरांसाठी खरा आधार कुटुंब निवृत्तिवेतनाचा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याच्या ज्या मुलाला दिव्यांगत्वामुळे स्वतःचा चरितार्थ चालवता येत नाही, त्याला ते हयातभर मिळते. फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्पन्नाची मर्यादाही शिथिल झाली; मुलाचे इतर उत्पन्न मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी असले की पुरे. यातली कळीची गोष्ट अशी की निवृत्त कर्मचाऱ्याने स्वतः हयातीत मुलाचे नाव आणि दिव्यांगत्व कार्यालयाच्या नोंदीत घालून घ्यावे. आईवडील दोघेही गेल्यानंतर भावाबहिणीने ते सिद्ध करायला निघणे म्हणजे वर्षांचे हेलपाटे.

ज्यांच्याकडे घर, जमीन वा शिल्लक आहे त्यांनी मृत्युपत्र करावे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २८ स्पष्ट सांगते की आजार किंवा व्यंग यांमुळे कुणाचा वारसाहक्क जात नाही. दिव्यांग मुलाचा वाटा भावाच्या नावावर टाकून ‘तो बघेल’ म्हणण्याची पद्धत घराघरांत आहे; पुढे भाऊ बघतो, पण त्याच्या पश्चात त्याची मुले बघतीलच असे नाही. थोडी मोठी रक्कम असेल तर १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाखाली खासगी न्यास करून दोन-तीन विश्वस्त नेमता येतात. मालमत्ता न्यासाची, लाभ मुलाचा. मृत्युपत्रात ‘माझ्यामागे अमुक याला पालक नेमतो’ असे लिहिल्याने सज्ञान व्यक्तीचे पालकत्व आपोआप बदलत नाही. नव्या पालकाला समितीपुढे अर्ज करावाच लागतो. मात्र त्या लेखी इच्छेचे वजन पडते.

या सगळ्यानंतरही एक प्रश्न उरतो आणि रोजच्या जगण्यात तोच सर्वांत मोठा असतो: सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात हा तरुण काय करणार? शाळा सुटल्यावर पुष्कळ मुले खाटेवर किंवा दूरदर्शनसमोर बसतात. वर्षभरात शिकलेली कौशल्ये ओसरतात, वजन वाढते किंवा घटते, झोपेचे चक्र बिघडते, आणि घर थकून जाते. राष्ट्रीय न्यासाच्या विकास योजनेत दहा वर्षांवरील व्यक्तींसाठी दिवसभराच्या देखभाल केंद्राची कल्पना आहे, पण अशी केंद्रे देशात फार विरळ आहेत. जिथे केंद्र नाही तिथे दिवस घरानेच घडवावा लागतो.

भैरवगढच्या छपाईची कामे पाहिली तर हे कसे जमेल याचा अंदाज येतो. बाटिकमध्ये कापड आधी धुऊन खळ काढतात, वितळलेल्या मेणाने नक्षी झाकतात, रंगात बुडवतात आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण सोडवतात. मेण तापवणे, रंग कालवणे, उकळत्या पाण्याशी काम करणे या टप्प्यांवर तीव्र दिव्यांग व्यक्ती असता कामा नये. फिट येणाऱ्याला तर चुलीपासून लांबच ठेवावे. पण ओले कापड दोरीवर टाकणे, वाळलेले गोळा करणे, रुमालांच्या घड्या घालणे, दहाचे गठ्ठे लावणे, पिशवीत भरणे ही कामे तुकड्यांत मोडून शिकवता येतात. ज्याला दहा मोजता येत नाहीत त्याच्यापुढे दहा खणांची लाकडी पेटी ठेवली की प्रत्येक खणात एक रुमाल ठेवून गठ्ठा पुरा होतो. ज्याचा एकच हात चालतो तो शिक्का मारू शकतो, जर कापड घट्ट ताणून बसवले असेल. आणि ज्याला यांतले काहीच जमत नाही, तो कारखान्याच्या ओसरीवर खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांत राहू शकतो. मागच्या खोलीत एकट्याने पडून राहण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. इथे काम मिळकतीसाठी कमी आणि दिवसाला आकार मिळावा म्हणून जास्त असते. तरी काम झाले तर मोबदला द्यावा, आणि तो त्याच्या खात्यात जावा. पुण्याची कामायनी, नाशिकची प्रबोधिनी, मुंबईची जय वकील या जुन्या संस्थांनी शाळेला जोडून प्रौढांच्या कार्यशाळा उभारल्या, त्या याच अनुभवातून.

आईवडिलांच्या पश्चात कुठे राहायचे, याची उत्तरे महाराष्ट्रात प्रथम आईवडिलांनीच शोधली. बदलापूरची ‘आधार’ ही संस्था एम. जी. गोरे यांच्या पुढाकाराने पालकांनी एकत्र येऊन उभी केली आणि ती प्रौढांसाठीच आहे. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’ अविनाश बर्वे आणि इतर पालकांनी सुरू केले. दोन्हीकडे मूळ विचार एकच: मुलाला अनोळखी संस्थेत सोडण्यापेक्षा समदुःखी घरांनी मिळून एक मोठे घर चालवावे. ज्यांना आईवडीलच नाहीत त्यांच्यासाठी अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ दिव्यांग मुलांना आपले नाव दिले, अनेक मुलींची लग्ने लावली, आणि अठरा वर्षे झाली म्हणून कुणालाही बाहेर काढण्यास नकार दिला. बेवारस दिव्यांग मुलांना अठरानंतरही त्याच घरात राहू देणारा कायदा व्हावा, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कायदा वयाची रेघ ओढतो आणि ती ओढताना पलीकडे काय आहे हे पाहत नाही, हा त्यांचा आक्षेप या साऱ्या विषयाच्या मुळाशी आहे.

उज्जैनपासून जवळ अंबोदिया गावात सुधीरभाई गोयल यांचा अंकित ग्राम सेवाधाम आश्रम आहे. तिथे निराधार, दिव्यांग आणि वृद्ध एकत्र राहतात. राष्ट्रीय न्यासाच्या घरौंदा योजनेत अठरानंतरच्या कायमच्या निवासाची तरतूद आहे. कोणतीही निवासी संस्था निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. जुलै २०२४ मध्ये इंदुरातल्या एका निवासी संस्थेत दिव्यांग मुलांना पटकीची लागण झाली आणि काही मुले दगावली. पिण्याच्या पाण्याची टाकी कुठे आहे, रात्री किती माणसांमागे किती सेवक असतात, मुलींच्या विभागात स्त्री कर्मचारी आहेत का, आजारी पडल्यावर कोणत्या डॉक्टरकडे नेतात, न कळवता भेटीला येऊ देतात का, हे प्रश्न विचारायला संकोच करू नये. उत्तर द्यायला जी संस्था टाळाटाळ करते, तिथे मूल ठेवू नये.

निवासाची सवय आईवडील हयात आणि धडधाकट असतानाच लावायची असते. आधी एक दिवस, मग शनिवार-रविवार, मग महिन्याभराचा मुक्काम. मावशीच्या किंवा काकाच्या घरीही असाच सराव करता येतो. आईच्या अंत्यविधीच्या दिवशी प्रथमच अनोळखी खाटेवर झोपावे लागणे, यासारखा आघात दुसरा नाही, आणि तो टाळता येण्यासारखा आहे. भावंडांशी याबाबत उघड बोलावे. त्यांच्याकडून सांभाळाचे वचन काढून घेण्याआधी त्यांना काय झेपेल ते विचारावे. कुणी पैशांचा व्यवहार पाहील, कुणी महिन्याला भेटायला जाईल, कुणी पालक म्हणून सही करील. सगळे एकावर लादले की तो एक दिवस मोडून पडतो.

या सर्व तयारीचे सार एका वहीत मावते आणि ती वही प्रत्येक घरात असावी. तिच्यात आधार, समग्र, यूडीआयडी, बँक, विमा आणि पालकत्व दाखल्याचे क्रमांक असावेत. औषधे आणि त्यांच्या वेळा, डॉक्टरांची नावे, फिट आल्यावर काय करायचे आणि काय करायचे नाही, हेही असावे. पण निम्मी पाने दुसऱ्या गोष्टींसाठी राखावीत: तो वरण पातळ खातो की घट्ट, कोणत्या कुशीवर झोपतो, कुकरच्या शिटीला घाबरतो का, ‘हो’ कसे म्हणतो आणि ‘नको’ कसे, कुणाजवळ बसला की शांत होतो, काय ऐकले की हसतो. हे ठाऊक असलेली माणसे जगात एक-दोनच असतात आणि ती गेली की हे ज्ञानही त्यांच्याबरोबर जाते. ज्यांना लिहिता येत नाही त्या आयांनी शाळेतल्या शिक्षिकेकडून किंवा धाकट्या मुलाकडून लिहून घ्यावे. मोबाइलवर दोन-दोन मिनिटांची चित्रफीतही चालते. वहीची एक प्रत पालकाकडे, एक भावंडाकडे आणि एक जिथे तो दिवस घालवतो त्या केंद्रात असावी, आणि दर वाढदिवसाला औषधांचे व पत्त्यांचे पान बदलावे.